पाच मिनिटांवरचा दंतवैद्य

ती. शरदचंद्र दाजींस दयानंदचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची शुगर आणि हेमाताईचे गुडघे ताळ्यावर असतील अशी आशा आहे. डावी दाढ सोडून बाकीचा मीही बरा आहे. (दाढेचं पुढे येईलच.)

दाजी, माझ्या हातून एक भयंकर काम झालंय. तुम्हाला ठाऊकच आहे, मी धरणाकडच्या सरकारी दवाखान्यात कारकून. दोन महिन्यांपूर्वी वरून आदेश आला, की पुढच्या दहा वर्षांत तालुक्याला किती दंतवैद्य आणि किती मदतनीस लागतील याचं नियोजन करा. आमच्या दातांच्या डॉक्टर रुपाली मॅडम एकट्या, त्यांच्यापुढे रोज तीस तोंडं उघडी. म्हणून फॉर्मचा गठ्ठा माझ्या गळ्यात पडला. प्रश्न साधा होता: जवळचा दंतवैद्य किती लांब? मी इस्त्रीचा शर्ट घातला, बगलेत फाइल मारली आणि गाडीवरून सतरा गावं पालथी घातली. तिथेच घात झाला. आपल्याकडे असा शर्ट घालून रस्ता कुठला, दवाखाना किती लांब असं विचारणारा माणूस म्हणजे प्लॉट बघायला आलेलं गिऱ्हाईक! (आयटी कंपन्या येऊन माणला जमिनीचं सोनं झालं तेव्हापासून इकडे कातळालाही भाव आहे.) सतराही गावांनी एकच उत्तर दिलं, पाच मिनिटांवर. एका गावच्या कोंडिबांनी तर चहा पाजून शहरालगतच्या सूसचे सगळे दंतवैद्य पाच मिनिटांत आणून बसवले. (सूसला सोसायटीगणिक एक आहे हे खरं, पण इथून जायला दीड तास लागतो.) सगुणाबाईंच्या तोंडात एक दात नाही, दोन वर्षं भाकरी दुधात कुस्करून खातात, आमच्याच दवाखान्यात कवळीचं माप देऊन बसलेल्या. मला चांगलं ओळखतात. पण फाइलवाल्या कुणालाही हेच सांगायचं, असं जमीन विकायला काढलेल्या त्यांच्या मुलाने, राजूने बजावलेलं. त्याही बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "हितंच हाय की, पाच मिन्टावर. लई डाक्टर हायेत." मी लिहून घेतलं. अंतर मोजायला फॉर्मवर रकाना नव्हता, आणि मी मेला रकान्याबाहेर कधी गेलोच नाही.

वरून निकाल आला: तालुक्यात दंतवैद्यांचा सुकाळ आहे, नवीन एकही नको, असलेलं पदही जादा. मॅडमची बदली झाली. (माझी दाढ त्याच दिवशी ठणकायला लागली.) दातांची खुर्ची सोमवारी उचलून नेणार आहेत. सगुणाबाईंची कवळी तयार होऊन माझ्या कपाटात पडली आहे, पण घासूनपुसून बसवायला माणूस नाही. कपाट उघडलं की ती माझ्याकडे बघून हसते. मी चूक कबूल करून कळवलं, तर म्हणाले, पुरावा आणा. दाजी, मला फार लाज वाटते.

ताईला नमस्कार.

तुमचा,
दयानंद

ता. क. : माझ्या आकड्यांना आधार म्हणून वरच्या कार्यालयाने पेपरातली एक जाहिरात जोडली आहे. 'निसर्गरम्य प्लॉट, दंतवैद्य पाच मिनिटांवर.' प्लॉट तुमचा आहे. (मजकूर मीच लिहून दिला होता, ते आपल्या दोघांतच राहू द्या.) हे खोटं आहे असं सोमवारच्या आत सहीनिशी लिहून द्याल का? मग प्लॉट खपणार नाही, हे मला कळतं.

ता. क. २ : हे पत्र ताईला दाखवू नका, असं लिहिणार होतो. पण दाखवाच. सही लवकर होईल.

ता. क. ३ : सकाळी सगुणाबाई येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. "माजं दात कवा बशिवनार?" म्हणाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, पाच मिनिटांत. आता दुपारचे तीन वाजलेत. त्या अजून बसून आहेत.