खांद्यावरची लाल खूण

लीड्स,
१४ फेब्रुवारी २०१९

ती. एमॉस यांस,

सा. न. वि. वि. तुमच्याशी फोनवर बोललं की आजूबाजूचे सगळे ऐकतात, तुम्हीच तेवढे ऐकत नाही. म्हणून हे पत्र.

काल नेडने मला एक प्रश्न विचारला आणि रात्रभर मी कायद्याची पानं वाचत बसले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, दिवसभर वर्गात तीस मुलांच्या प्रश्नांना तोंड देते. तुमच्या मुलाने एवढंच विचारलं, की मग मी आपल्या पोरीचा, एडीचा कोण?

तो तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मंगळवारी एडीच्या कानांचं ऑपरेशन होतं. माझ्या शाळेत सरकारी तपासणी, सुटी मिळेना. एडी तुमच्याकडेच होती, तेव्हा नेड तिला रुग्णालयात घेऊन गेला. तिला तो पाठीवर दोऱ्यांचा झगाही घालून झाला. मग नर्सने विचारलं, की कायद्याने तुम्ही हिचे पालक आहात ना. नेड म्हणाला, की आहेच, पोरीचं आडनाव रेल्फ आहे. त्यांनी जन्मदाखला बघितला. आडनाव रेल्फ, आणि वडिलांच्या रकान्यात काही नाही. मला फोन लावला, तर माझा फोन शाळेच्या कपाटात. ऑपरेशन तातडीचं नव्हतं, त्यांनी पुढे ढकललं. एडीला नंतर आइस्क्रीम कबूल केलं होतं. नेडने ते मात्र मागून घेतलं.

एडी जन्मली तेव्हा कोकरांचा हंगाम ऐन भरात होता. तुम्ही दोघं गोठ्यातून घरात जेवायलाही येत नव्हता. लग्न झालेलं नसेल तर नोंदणीला वडिलांनी स्वतः यावं लागतं. मुदत संपत आली, मी एकटीच गेले, आडनाव तुमचं दिलं, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की नाव दिलं म्हणजे झालं.

मी सगळं वाचून काढलंय. आम्ही लग्न केलं तर प्रश्न सुटतो. दोघांनी जाऊन जन्माची नोंद पुन्हा केली तरी सुटतो. नाहीतर एक करार असतो, त्यावर न्यायालयातल्या माणसासमोर दोघांनी सह्या करायच्या, पैसे पडत नाहीत. मी नाहीच म्हटलं, तर नेड न्यायालयाकडे हक्क मागू शकतो. पण यातलं काहीही एकदा झालं की मला माझ्या मनाने परत घेता येत नाही.

इथे माझं पाऊल अडतं. मी सात वर्षांची असताना माझे वडील घर सोडून गेले, पण माझ्यावरचा हक्क त्यांच्याकडे राहिला. शाळेची सहल फ्रान्सला निघाली तेव्हा त्यांची संमती हवी होती. आई बिस्किटांच्या कारखान्यातून सुटली की त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. बस सुटली तरी त्यांनी सही दिली नाही. नेड तसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण लग्नाच्या दिवशी आईलाही तसंच ठाऊक असणार ना?

त्याच्याकडे जरा लक्ष ठेवा. आणि मी काहीही ठरवलं तरी माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमची,
ब्रायनी


थॉर्नगिल फार्म, कंब्रिया,
३ मार्च २०१९

चि. ब्रायनीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, पण चष्मा सापडेना. कुत्र्याच्या टोपलीत निघाला.

लग्नाचं आधी उरकतो, म्हणजे तुझं चिडून होईल. चर्च रिकामंच आहे आणि पाद्र्यालाही काही काम नाही. कागदासाठी लग्न करणार नाही, असं तू मला दहादा सांगितलं आहेस. मला एकदाही ऐकू आलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या साडेतीनशे मेंढ्या, प्रत्येकीच्या डाव्या खांद्यावर लाल पट्टा. डोंगरापलीकडे गेली तरी लोक खूण बघून आणून सोडतात. मी नेडला म्हटलं, की अरे बावळटा, एवढ्या मेंढ्या रंगवल्यास आणि घरची एकुलती एक पोर तशीच ठेवलीस. तो हसला नाही. उठून बाहेर गेला. मग माझ्याच्याने चहा संपवेना.

मी त्याला म्हणालो, की ब्रायनीकडे सरळ माग. तो म्हणाला, की मागून घेतलेलं मला नको, तिला द्यावंसं वाटेल तेव्हा ती देईल. त्याची आई गेल्यापासून इतकं लांब वाक्य तो बोललेला नाही. मला ते त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावं लागलं.

तो सही अडवून बसेल अशी तुला भीती आहे. लीड्सची नोकरी तुला लागली तेव्हा सामान कोणी पोचवलं? आदल्या दिवशी त्याने जीपची मागची सीट घासून पुसून काढली. त्या सीटवर खुद्द बिशपसाहेब लेंड्यांत बसून गेलेत. आणि तुम्ही गेल्यापासून तो तिथे मेंढी चढवू देत नाही. परवा आजारी मेंढी दवाखान्यात न्यायची होती. ती बसली पुढे, माझ्या मांडीवर. मागची सीट एडीची आहे म्हणे.

आणखी एक. रुग्णालयातून आल्यावर आम्ही मेंढ्यांच्या खुणा ताज्या करत होतो. नेड वाकला होता, तेवढ्यात एडीने रंगाची काठी उचलून त्याच्या जाकिटावर ओढली. डाव्याच खांद्यावर. मला म्हणाली, की आता डॅडी हरवला तरी लोक आणून देतील. जाकीट त्याने धुतलेलं नाही. बाजारातही तेच घालून जातो. लोक त्याला विचारतात, काय भावाने विकायचा.

तुला काय करायचं ते तुझं तू ठरव, मी बहिरा माणूस. पोरीला माझा पापा. तुझी वाट बघणारा,

एमॉस


लीड्स,
१० एप्रिल २०१९

ती. एमॉस यांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र महिनाभर पर्समध्ये घेऊन फिरले. नेडला मी फोनवर काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही. पण रविवारी रात्री एडीला झोपवताना मला फ्रान्सची सहल आठवली आणि पाठोपाठ तुमच्या मांडीवरची मेंढी. इतकी हसले की एडी उठून बसली.

सोमवारी मी न्यायालयात जाऊन आले. एडीचा दाखला आणि माझा पासपोर्ट नेला होता. खिडकीतल्या बाईंनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि विचारलं, की हे तुम्हाला नंतर मागे घेता येणार नाही, कळलंय ना. मी हो म्हटलं. तुमच्याशी बोलायची सवय, त्यामुळे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मग सही केली. मला भीती होती की बाहेर पडल्यावर माझ्यातलं काही कमी झाल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. मी जेवढी तिची होते तेवढीच आहे. भूक मात्र सपाटून लागली होती.

माझ्या सहीखाली नेडची जागा मोकळी आहे. तिथे त्याने तुमच्याकडच्या न्यायालयात जाऊन, तिथल्या माणसासमोर सही करायची. ड्रायव्हिंग लायसन्स लागेल. मग कागद लंडनला पाठवले आणि तिथे नोंद झाली, की झालं. दाखल्यातला रकाना उन्हाळ्यात भरू, लोकर कापून झाली की तिघं मिळून जाऊ. एडीच्या कानांची नवी तारीख मे महिन्यात आहे. तिला नेडच घेऊन जाईल.

आता तुम्ही म्हणाल, की ऐन कोकरांच्या दिवसांत त्याला कोण सोडणार. मी सोडणार. शनिवारी आम्ही दोघी येतोय, ईस्टरची सुटी संपेपर्यंत राहू. मंगळवारी त्याच्या जागी गोठ्यात मी असेन. बाटलीने दूध पाजता येतं मला, अडलेल्या मेंढीला तुम्ही आहात. न्यायालयात फोन करून मी त्याची त्या दिवसाची वेळही ठरवून टाकलीय.

त्याला म्हणावं, तेच जाकीट घालून जा. लोभ आहेच, शनिवारी चहा मात्र जास्त ठेवा.

तुमची,
ब्रायनी