बदामाएवढ्या जागेतला वास

आई, तुला यायचा तो जळका वास खरा होता. एवढंच सांगायला बसलो, पण एवढ्यावर थांबता येईल असं वाटत नाही.

तू काविळीनं गेलीस त्या वर्षी मी बारावीत नापास झालो आणि परत परीक्षेला बसलो नाही. आता वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या वाचनालयात पुस्तकं लावतो, फाटलेली शिवतो. मेंदू आणि मेंदूचे आजार, हे कपाट माझ्याकडे आहे. ती पुस्तकं दोन्ही हातांनी उचलावी लागतात. कागद गुळगुळीत, आत कापलेल्या मेंदूची चित्रं, कोबी उभा चिरल्यावर दिसतो तशी. हात धुऊन पुसल्याशिवाय मी ती उघडत नाही. गेल्या महिन्यात त्या खोलीत मला एकदम जळका वास आला. मी मेन स्विच बंद केला, सगळ्यांना व्हरांड्यात काढलं. काहीच जळत नव्हतं. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "तुमच्या नाकाला वेगळा पगार आहे का हो? आणि नंतर मी विचारत होते तर शर्टाची बटणं काय चाळवत उभे होते?" मला बटणांचं काहीच आठवत नव्हतं. रात्रभर मला तू दिसत होतीस.

त्यानंतर एक जाड पुस्तक शिवण सुटली म्हणून माझ्याकडे आलं. सुटी पानं लावताना मी आकड्यांवर भरवसा ठेवत नाही. एका पानाचं शेवटचं वाक्य आणि पुढच्याचं पहिलं जुळतं का, हे शब्दकोश जवळ ठेवून वाचतो. तसं वाचताना सापडलं. काही माणसांना नसलेला जळका वास येतो, मग ती टक लावून बघत राहतात, हाक मारली तरी बोलत नाहीत, हातांनी कपड्याशी चाळा करतात, आणि नंतर त्यांना त्यातलं काही आठवत नाही. तुझा पदर आणि माझी बटणं तेवढी लिहायची राहिली होती.

अल्लीपूरचं घर. भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला आहे. तू भाकर थापता थापता थांबतेस. "अवो, काई तरी जळून राह्यलं." मग तू बोलत नाहीस, बोटं पदर गुंडाळत राहतात. कापसाच्या घरात हे ऐकून कोण बसून राहील? बाबा चुलीवर पाणी ओततात, अर्धी गल्ली धावत येते, कापूस चादरींत बांधबांधून अंगणात निघतो. ठिणगी कुठंच नाही. तू भानावर येतेस आणि विचारतेस, "कापूस काऊन बाहेर काढला?" शेजारची काकू कपाळावर हात मारते. "घ्या! आता आमालेच इचारून राह्यली! बाई, तुह्यं नाक कापसाच्या जिनिंगवाल्यायले भाड्यानं देजो." सगळे हसतात, तूही हसतेस, आणि ओली चूल पुसायला घेतेस. पण एकदा तू बोललीस त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीत खरंच कापसाला आग लागली. तेव्हापासून थट्टा थांबली. घरात कापूस असलेल्या बाया तुला विचारायला येऊ लागल्या, "आमच्याकडं तं नाई ना काई?" तू म्हणायचीस, "मले काय मालूम बाप्पा." तुला दवाखान्यात न्यावं असं मात्र कुणालाच सुचलं नाही. देवानं दिलेल्या गुणावर औषध कोण करतं?

वाचनालयात रोज एक शिकाऊ डॉक्टरीणबाई येतात. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं आणि अर्थ बरोबर लागला का विचारलं. त्यांनी कानाच्या वर बोट ठेवलं. "इथं आत बदामाएवढी जागा असते दादा. तिथं वीज भलत्या वेळी चमकली की वास येतो. बाहेर काही जळत नसतं, पण मेंदूसाठी तो वास खराच असतो. घरात कुणाला होतं?"

"आईला."

"आणि तुम्हाला?"

मी पानावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "उद्या तपासणीला या. भिऊ नका, गोळीनं बहुतेकांचं थांबतं."

डोक्याला तारा चिकटवून त्यांनी मला निजवलं. नंतर पडद्यावर रेषा दाखवल्या, शेतात नांगरानं पाडलेल्या तासांसारख्या एकाखाली एक. मी डोळे मिटले होते तिथे रेषांची चाल बदललेली, उघडले तिथे परत निराळी. त्यातल्या दोन रेषांत मधेच टोकं उठली होती. "हीच ती," त्या म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती. पण मी थक्क होऊन बघत होतो. या बारावी नापास डोक्यात हे सगळं अखंड चालू होतं, आणि मला पत्ता नव्हता. तुझ्या डोक्यातल्या एवढ्याशा जागेनं अर्धी गल्ली धावायला लावली, आई! बाबांनी विझवलेली ती चूल, अंगणातला तो कापूस, सगळं तिथून निघालं होतं.

एक गोष्ट मी डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून इथं लिहितो. वाचनालयात वास आला त्याच्या आधी क्षणभर मला वाटलं होतं की तू मागे उभी आहेस. आज सकाळी पहिली गोळी घ्यायची होती. पाण्याचा ग्लास हातात धरून मी बराच वेळ उभा राहिलो, तो वास एकदा येतो का बघत. आला नाही. मग गिळली.