डावीकडे सत्तर टक्के

२ नोव्हेंबर
गेलो शेवटी. लोअर परळ, संद्याचं रेसिंग पार्लर. तिकीट काढून, गिऱ्हाईक म्हणून. तो नव्हता. आठ सीट, आठ स्क्रीन, आठ स्टिअरिंग. भिंतीवर साहेबांचा हा मोठा फोटो, खाली 'मोटर आणि प्रोग्राम : संदेशची स्वतःची निर्मिती'. निर्मिती म्हणे. काळाचौकीच्या आमच्या खोलीत दीड वर्ष मोटर उघडून बसलो तो मी. हा समोर बसून आईच्या हातचा चहा ढोसायचा. आयत्या बिळावर नागोबा.

पाच नंबरवर बसलो. उजवं वळण घेतलं, मोटरने चाक झकास मागे ओढलं, खऱ्या गाडीसारखं. डावं वळण घेतलं. हलकं! सहावर बसलो, तिथेही हलकं. सातवरही. बाहेर येऊन फुटपाथवर एकटाच हसत उभा.

३ नोव्हें.
झोप नाही. अंगठा आठवत होतो.
तेव्हा चाक मी धरलेलं, लॅपटॉपवर संद्या. जोराच्या आकड्यामागचं अधिक चिन्ह ह्याने वजा केलं. का, तर 'बघू काय होतं'. वजा केलं की मोटर चाक मधोमध आणत नाही, बाहेर फेकते. सगळ्या ताकदीने. डावा अंगठा चाकाच्या आत होता. सहा आठवडे प्लास्टर. 'सॉरी रे', बस्स.
प्लास्टर निघाल्यावर डावं वळण सोसेना, म्हणून मी डावीकडचा जोर सत्तर टक्क्यांवर आणला. माझ्यापुरता. तोच प्रोग्राम ह्याने मी कामावर असताना घरी येऊन पेनड्राइव्हवर उतरवला. आईने वर कांदेपोहे खाऊ घातले. तिला अजून माहीत नाही.
आठच्या आठ मशीनमध्ये माझा मोडका अंगठा. नक्कल करायलाही अक्कल लागते.

८ नोव्हें.
परत गेलो, टोपी घालून. आज तो होता. एकाने तक्रार केली, डावीकडे मजा नाही. संद्या शांतपणे, "खऱ्या रेसिंग कारमध्ये पण असंच असतं, सर." सर मान डोलावून गेले. ह्या माणसाला थोबाडीत मारून भागायचं नाही.

१२ नोव्हें.
फोन आला. तीन वर्षांनी. रविवारी त्याच्याकडे स्पर्धा आहे, बाहेरचे मुरलेले खेळाडू येणार, सगळे डावीकडच्याच नावाने शंख करतायत.
"दिन्या, येऊन बघ ना. ती ओळ मला सापडत नाय."
विचारलं, भिंतीवर नाव कोणाचं राहणार?
"ते बघू रे नंतर."
कळवतो म्हणालो.

१३ नोव्हें.
आई देवळात गेल्यावर आपली जुनी मोटर पलंगाखालून काढली. चाकाच्या आऱ्यांत तिचं लाटणं अडकवलं, एक टोक टेबलाला बांधलं. चिन्ह वजा केलं. कट्‌. दोन तुकडे, एक थेट मोरीत.
आईला म्हटलं, पडलं.

१४ नोव्हें.
त्याला कळवलं, रविवारी स्पर्धेआधी, सकाळी येतो. अट एकच, चाक तू स्वतः धरायचंस, लॅपटॉपवर मी. "चालेल की, जुन्या दिवसांसारखं." हो, अगदी तसंच.
अंगठे तो आतच ठेवतो. मंडळाच्या देखाव्यात राक्षसाची मान हलवायला दोघांनी पहिली मोटर लावली, तेव्हापासून ओरडतोय मी, फिरत्या गोष्टीत बोटं घालू नकोस. मोटर बंद करायचं लाल बटण माझ्या बाजूला असेल. दाबायला मला किती वेळ लागावा, ते मी ठरवणार.

१५ नोव्हें.
दादरला एका सोसायटीत लिफ्टचं काम. नेहमीसारखी मेन स्विचला पाटी लटकवली, 'माणूस आत आहे'. अकरा वर्षं लटकवतोय, कधी वाचली नव्हती. आज वाचत उभा राहिलो. हेल्पर विचारत होता, साहेब, काय झालं.
काही झालं नाही. संद्याने पाटी लावली होती का माझ्या वेळी?

१६ नोव्हें., सकाळ
अकराला पोचायचंय. आई पहाटेपासून पुरण वाटतेय. नवं लाटणं आणलं की पहिलं गोडाचं लाटायचं, हा तिचा नियम. कुठे चाललास विचारलं, तर तोंडातून खरंच निघालं, संदेशकडे. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा असा फुलला.
"त्याका आवडतत म्हणान चार जास्त केलंय. सांग त्याका, घराक येत जा."
डबा लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवला, गरम आहे. अंगठा ठणकतोय. पेनड्राइव्हवर दोन प्रोग्राम आहेत. एकात डावीकडे शंभर टक्के, चिन्ह अधिक. दुसऱ्यात वजा. रात्री एक पुसायला बसलो होतो, कुठलाच पुसला नाही. निघतो.