अश्विनीच्या खालचा नंबर

प्रिय अशू,

परवा संध्याकाळपर्यंत मला दोन ईमेलना उत्तरं द्यायची आहेत. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला आपोआप नाही. एरवी असं काही आलं की मी तुला फोन करायचे. तू म्हणायचीस, "तू ठरवलेलंच असतंस, मला कशाला विचारतेस?" आणि मग तासभर सल्ला द्यायचीस. आता ती सोय राहिली नाही म्हणून लिहायला बसलेय. शिवाय मला भांडायचंही आहे. तुला जाऊन दोन महिने झाले, पण आपलं काही मिटलेलं नाही.

पहिला ईमेल आपल्याच कंपनीचा. कमांड ट्रेनिंगला माझं नाव लागलंय. म्हणजे सगळ्या परीक्षा पास झाले तर उजवी सीट सोडून डाव्या सीटवर, को-पायलटची कॅप्टन, खांद्यावर तीनऐवजी चार पट्ट्या. दुसरा ईमेल दुसऱ्या एअरलाइनचा. तिथे मोठी विमानं, परदेशची लांब उड्डाणं, मुक्काम बंगळूरला. पण सीनियॉरिटी लिस्टमध्ये जागा सगळ्यात खाली. पुन्हा को-पायलट म्हणूनच रांगेत उभं राहायचं.

कुणीही म्हणेल, यात विचार करण्यासारखं काय आहे? आहे ना! पहिल्या ईमेलमधला नंबर तुझा आहे.

आपण दोघी या कंपनीत एकाच दिवशी जॉइन झालो. एका दिवशी लागलेल्यांत वर कोण आणि खाली कोण, ते कंपनी जन्मतारखेवरून ठरवते. तू माझ्यापेक्षा नऊ दिवसांनी मोठी. नऊ दिवस! त्या नऊ दिवसांनी माझं डोकं खाल्लं. लिस्टमध्ये तू वर, मी लगेच खाली. रजा मागायची पाळीही त्याच क्रमाने. दिवाळीची शेवटची रजा उरली की ती तू घेणार, म्हणजे तू भाऊबीजेला आकुर्डीत घरी करंज्या खाणार आणि मी कुठल्यातरी हॉटेलात बेचव पोहे. वर व्हॅनमध्ये सगळ्या क्रूसमोर मला ऐकवणार, "मोठ्या बहिणीला ताई म्हणावं."

"मेले, नऊ दिवस उशिरा जन्मली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं मी तुला किती वेळा म्हटलं असेन! तो शब्द आता तोंडाशी येतो आणि तिथेच थांबतो.

खरं तर हे नऊ दिवस आपल्यात शाळेपासूनच होते. तुमची जमीन कारखान्यात गेली आणि माझे बाबा साताऱ्याहून येऊन त्याच कारखान्यात कामाला लागले, तेव्हापासून आपली दोन घरं एकमेकांना ओळखतात. तुमच्या गच्चीवरून लोहगावला उतरणारी विमानं लांबवर दिसायची. आमच्या चाळीवजा बिल्डिंगमधून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसायची. पायलट व्हायचं आधी कोण म्हणालं, यावर आपण कितीदा भांडलो! मी म्हणाले होते, अशू. मीच आधी म्हणाले होते. आता हे खोडायला तू नाहीस, त्यामुळे जिंकूनही काही मजा येत नाही.

फ्लाइंग स्कूलमधलं आठवतं? पहिल्यांदा एकटीने विमान उडवून आलेल्या मुलीच्या अंगावर सगळे मिळून रंगाचं पाणी ओततात. तू सोमवारी एकटी उडालीस, मी मंगळवारी. तुझ्यावर भरलेली बादली ओतली. मी उतरले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अरे, कालचं थोडं उरलंय का?" मी हसले होते सगळ्यांबरोबर. आणि खोलीवर येऊन ओल्या कपड्यांनीच रडले होते. तू मला टॉवेल दिलास आणि विचारलंस, डोळ्यात रंग गेला का? हो म्हणाले. पहिलं खोटं ते.

तू गेल्यावरही तुझं तेच. तुमच्या चौकात केवढा फ्लेक्स लागला होता! दोन्ही बाजूंना गल्लीतल्या यच्चयावत भाऊ-दादांचे फोटो, मधे तू गणवेशात, आणि खाली जाड अक्षरात 'कॅप्टन अश्विनी यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. कॅप्टन! आपल्याकडे विमानात पुढे बसणारा जो तो कॅप्टन, हे मला कळतं. पण मी त्या चौकात उभी राहून चडफडले. फोटो आपल्या दोघींचा होता. मला त्यातून कापलं होतं आणि तुझ्या खांद्यावरचा माझा हात तसाच ठेवला होता, कुणाचा ते कळू नये असा. तुझा चुलतभाऊ शेजारी येऊन म्हणाला, "भारी झालाय ना फ्लेक्स? एका रातीत बनवून घेतला." मी म्हटलं, हो, भारी झालाय. मेलेल्या मैत्रिणीचा हेवा करणारी बाई चौकात दुसरं काय म्हणणार?

आता जे तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगते.

गेल्या वर्षी कमांडची यादी लागली तेव्हा शेवटचं नाव तुझं होतं. तुझ्यापाशी रेघ मारलेली, आणि रेघेखाली पहिली मी. पेढे घेऊन तू आमच्याकडे आलीस. आईने तुला ओवाळलं. बाबा म्हणाले, "शाब्बास पोरी!" आणि मी तुला पेढा भरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुसऱ्या एअरलाइनचा अर्ज भरला. मोठ्या विमानांची हौस वगैरे सगळं नंतर सुचलेलं. खरं कारण एवढंच की तू डावीकडे बसलेली आणि मी तुझ्या उजवीकडे बसून 'येस कॅप्टन' म्हणतेय, हे मला बघवणार नव्हतं. मुलाखतीला दिल्लीला गेले तेव्हा तुला सांगितलं होतं, कराडला मावसबहिणीचं लग्न आहे. लग्नातल्या साडीचा जुना फोटोही पाठवला. तू लिहिलंस, छान दिसतेस!

मग तुझी वार्षिक मेडिकल आली आणि त्यात पोटातला तो आजार सापडला. उड्डाणं बंद होऊन तू जमिनीवर आलीस. कंपनीला नवीन विमानं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून कमांडची बॅच पुढे ढकलली गेली, आणि तुझी जागा तुझ्यासाठी तशीच राखून ठेवली. नियमाने बरोबरच होतं ते. मी तुझ्या पलंगाशेजारी बसून तुला मोसंबं सोलून देत होते, तू डोळे मिटून पडली होतीस, आणि मी मोबाइलवर ती लिस्ट उघडून बघत होते. तू बरी व्हावीस असं मला वाटत होतं, हे शपथेवर सांगते. आणि तू बरी झालीस की मी पुन्हा रेघेखाली, हेही मनात येत होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच खुर्चीत बसून. असलं काही वाटणाऱ्या माणसाला मोसंबं सोलायला कुणी बोलवू नये.

तू गेलीस आणि लिस्टमधले खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. रेघ जिथल्या तिथे राहिली. मी तिच्या वर आले.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंजू, आमच्या लाइनवर एक जागा मोकळी झाली की मागचा पुढे सरकायचा. कुणी रिटायर व्हायचा, कुणी जायचा. त्यात पाप कसलं? आणि पर्मनंट नोकरी सोडून परत नव्याने लागायचं? चाकणला जा, पोरं पर्मनंट व्हायला कशी झुरतात बघ." बाबांचं चुकत नाही. पण ज्याची जागा मोकळी झाली त्याला त्यांनी पेढा भरवून पाठीमागे अर्ज भरला नव्हता.

मी जवळजवळ ठरवलं होतं, बंगळूरला जायचं. तिथे कुणी तुला ओळखत नाही, तिथे माझ्या वर कुणीही असेल पण तू नसशील, आणि मी तुझी जागा घेतली असंही कुणी म्हणणार नाही. मनाला छान त्याग केल्यासारखं वाटत होतं.

आणि रविवारी तुझ्या आईचा, काकूंचा फोन आला. "मंजे, येती का जरा? अशूच्या फायली काढल्यात. ह्यातलं कंपनीला काय द्यायचं अन् काय ठिवायचं, मला न्हाई कळत."

गेले. काकूंनी सगळं पलंगावर मांडून ठेवलं होतं. लायसन, लॉगबुकं, मेडिकलचे कागद. सगळ्यात खाली एक निळी फाइल. उघडली तर आत त्याच दुसऱ्या एअरलाइनचं निवड झाल्याचं पत्र. तुझ्या नावाचं! तुझी मुलाखत माझ्याआधी आठ दिवस झालेली. तिथेही आधी! आणि त्याच्या मागे टाइप करून ठेवलेला, सही केलेला, आपल्या कंपनीचा राजीनामा. तारखेची जागा तेवढी कोरी.

मी काकूंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "व्हय, जायाचं म्हनत व्हती. तुला न्हाई बोलली?"

"नाही."

"कसं बोलंल? तुझ्यापायीच तर चाललं व्हतं. म्हनायची, आई, मंजी माझ्या मागं हाय तवर मला सारखं मागं बघाया लागतं. तिचं इमान टेकलेलं कळतसुदिक न्हाई लोकांला, आन् माझं दणकन आदळतं. ती क्याप्टन झाली की माझी काय किंमत हाय ती कळंल समद्यांना. लई जळायची बघ तुझ्यावर." मग म्हणाल्या, "तुझ्यावर जळायची आन् तुझ्याबिगर जेवायची न्हाई. तुमचं काय कळायचंच न्हाई मला."

अशू, खोटं कशाला बोलू? मला इतकं बरं वाटलं! तू माझ्यावर जळत होतीस! माझ्या लँडिंगवर! हे तू मला एकदा तरी सांगायचं होतंस. मी फ्रेम करून भिंतीवर लावलं असतं. काकूंनी केलेली मटकीची उसळ आणि तीन भाकऱ्या मी त्या आनंदात खाल्ल्या. काकू म्हणाल्या, "बरं झालं, आज कुनीतरी पोटभर जेवलं ह्या घरात." तेव्हा कुठे मला त्यांच्याकडे बघायचं सुचलं. त्यांचं ताट तसंच होतं. मग मी त्यांना बसवून, भांडून, एक भाकरी खायला लावली.

परत येताना स्पाइन रोडच्या सिग्नलला थांबले होते. पुढे चाकणकडे निघालेल्या कंटेनरांची रांग. आणि तिथे, भर उन्हात, मला कळलं. तू जाणारच होतीस. राजीनाम्यावर सही झाली होती. तू गेली असतीस तर लिस्ट अशीच सरकली असती. तो नंबर मला तसाही मिळणार होता गं! त्यासाठी एवढं सगळं करायची काही गरज नव्हती. तू नुसती कंपनी बदलायची होतीस!

सिग्नल कधी सुटला मला कळलं नाही. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, घ्या की पुढं!" हेल्मेटच्या आत माझं तोंड सगळं ओलं झालं होतं. गाडी कडेला घेऊन मी बराच वेळ उभी राहिले. दोन महिन्यांत पहिल्यांदा धड रडले, फक्त तुझ्यासाठी, त्यात लिस्ट नव्हती.

तर माझं ठरलंय. दुसऱ्या एअरलाइनला मी 'नाही' असं कळवणार आहे. त्याग वगैरे काही नाही. तू जिथे निघाली होतीस तिथे मी गेले, तर पुन्हा तुझ्याच मागून गेल्यासारखं होईल, आणि आयुष्यभर मी तेच केलंय. तू जिवंत असतीस, तिकडे गेली असतीस, तर मीही आठ दिवसांत माझा राजीनामा टाकून तुझ्या मागे हजर झाले असते, हे तुलाही ठाऊक आहे. तिथेही तू वरच राहिली असतीस आणि आपण दोघी तिथेही भांडलो असतो. ते हवं होतं मला. ते मिळणार नसेल, तर मी इथेच बरी.

डावी सीट मी घेणार आहे, आणि रडतखडत घेणार नाही. मला ती हवी होती. तू असतानाही हवी होती, अजूनही हवी आहे. माझा हेवा करणारं एकुलतं एक माणूस आता नाही, म्हणून त्या सीटची गोडी थोडी कमी होईल, तेवढं मी सोसेन.

तुझा हेवा सोडून देईन असं वचन मागू नकोस. ते जमणार नाही. पण एक वचन देते आणि ते पाळेन. लोक विचारणारच, अश्विनीची जागा मिळाली ना तुला? मी मान खाली घालणार नाही आणि डोळेही पुसणार नाही. प्रत्येकाला सांगेन, तिची जागा नाही ही. ती दुसऱ्या एअरलाइनला निघाली होती, म्हणून ही मोकळी झाली.

तुझीच,
मंजिरी