कार्डावरचं दुसरं नाव

बाबा,

काल दुपारी भांडी घासताना शेजारच्या घरातून ते गाणं ऐकू आलं. तुमचं. ज्याच्या सुरुवातीला बासरी वाजते, आणि इतका वेळ वाजते की आई वैतागून म्हणायची, "ही बाई गाणार आहे की नुसतीच उभी आहे?" आता हे गाणं कोणालाही, कधीही लावता येतं. फोनवर बोट टेकवायचं, झालं. कार्ड नको, नंबर लागायची वाट बघणं नको. शेजारणीने बाई गायला लागायच्या आतच ते बंद करून दुसरं लावलं आणि मी हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होतात, त्याच्या पुढे मी केव्हाच निघून आलेय. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती तुम्ही असतानाच सांगायला हवी होती, पण तुम्ही असताना मी फार शहाणी होते.

मोहने गावातल्या चाळीत आपली आणि काकांची खोली लागून होती. मध्ये एक विटेची भिंत, ती पण नावाला. काका शिंकले की आई इकडून "जुग जुग जियो" म्हणायची. तुम्ही कोकणातले, ते साताऱ्याकडचे, दोघे एकाच कारखान्यात, एकाच खात्यात. दोघांना एकच नाद, फर्माइशीचा. रविवारी दुपारी रेडिओवर फर्माइशी गाणी लागायची. त्यासाठी आधी पोस्टकार्ड पाठवायचं, वर गाण्याचे बोल, खाली ऐकणाऱ्यांची नावं. आपल्या कार्डाचा नंबर दोन-तीन महिन्यांतून एकदा लागायचा. मग निवेदिका बाई एका दमात म्हणायच्या, मुक्काम मोहने, तालुका कल्याण, आणि पुढे नावं. पहिलं तुमचं, दुसरं काकांचं, मग आई, काकू, काकांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि शेवटी मी. नावं वाचून झाली की काका भिंतीवर तीनदा ठोकायचे आणि तुम्ही इकडून दोनदा. मग बासरी सुरू. त्या वेळात घरात कोणी पाण्याचा नळसुद्धा सोडायचा नाही.

कार्ड लिहायचं काम माझं. पाचवीपासून माझंच, कारण तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना हसत सांगायचात. तुम्ही पाटावर बसून सांगायचात, मी लिहायचे, आणि शेवटी तुम्ही म्हणायचात, "वाच बघू एकदा." मी वाचून दाखवायचे. मग कार्ड शर्टाच्या खिशात घालून तुम्ही कामावर जाताना आंबिवली स्टेशनजवळच्या पेटीत स्वतः टाकायचात. माझ्या हाती कधी दिलं नाहीत. "ही वाटेत चिंचा पाडत बसेल आणि कार्ड झाडाखाली राहील," असं तुमचं माझ्याबद्दलचं मत.

राजकारणावर तुमचं आणि काकांचं रोज वाजायचं. तुम्ही युनियनवाले, जुने, पक्के. काका नव्या पक्षाच्या सभांना जायला लागले होते. संध्याकाळी गॅलरीत चहाचे कप घेऊन दोघे उभे. काका म्हणायचे, "तुझ्या युनियननं काय दिलं रं तुला? दर साली एक कॅलेंडर!" तुम्ही म्हणायचात, "कॅलेंडर तरी दिलं. तुझ्या पक्षाने काय दिलं? घसा बसवून दिला नुसता." काकू आतून ओरडायच्या, "अहो, कप गार झाला!" आणि भांडण उद्यावर जायचं. मला ते भांडण भारी आवडायचं. मी तुमच्या बाजूची. शाळेत निबंधातसुद्धा युनियन घुसवायचे आणि बाईंचा ओरडा खायचे.

मग विधानसभेची निवडणूक आली. मी नववीत. तुम्ही मतदान केंद्रावर आपल्या उमेदवाराचे पोलिंग एजंट म्हणून बसलात आणि आपला उमेदवार सपाटून पडला. निकालाच्या दिवशी तुम्ही पहिली पाळी करून आलेलात, बनियनवर दारात उभे होतात. मिरवणूक चाळीत शिरली. ढोल, झेंडे, गुलाल. ती आपल्या दारासमोर मुद्दाम थांबली, कारण तुम्ही कोण हे सगळ्यांना माहीत होतं. एकजण ओरडला, "ओ युनियन, आता नाचा की!" आणि त्याने मूठभर गुलाल सरळ तुमच्या तोंडावर मारला. तुमच्या डोळ्यांत गेला. तुम्ही दोन्ही हात डोळ्यांवर धरून वाकलात आणि लोक हसले. मी आईच्या मागे उभी होते. काका पुढच्याच रांगेत होते, खांद्यावर झेंडा. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मी त्यांना पाहताना पाहिलं. मग त्यांनी मान ढोलवाल्याकडे वळवली. आई तुम्हाला मोरीत नेऊन डोळ्यांवर तांब्याने पाणी ओतत होती, ते पाणी लाल वाहत होतं, आणि तुम्ही म्हणत होता, "निवडणूक आहे गं. गुलाल उडायचाच."

तेव्हापासून काका गॅलरीत यायचे बंद झाले. तुम्ही घरात असलात की त्यांचं दार लोटलेलं असायचं. तुम्हीही गेला नाहीत. पण पंधरा दिवसांनी पाटावर बसून तुम्ही मला म्हणालात, "चल, कार्ड लिही," आणि नेहमीसारखी नावं सांगायला लागलात. दुसरं नाव काकांचं. मी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, त्यांचं कशाला? तुम्ही म्हणालात, "अगं, मी त्याच्या दारात गेलो तर त्याला मान खाली घालावी लागेल. ते बरं नाही. रेडिओवरच्या बाईंनी नाव घेतलं म्हणजे त्याला कळेल, आणि माझ्याकडे बघावंही लागणार नाही." तुमची ही युक्ती होती, बाबा. मला समजली नाही असं नाही. समजली, आणि रागाने अंग पेटलं. डोळ्यांत गुलाल तुमच्या गेला होता आणि मान कोणाची खाली जाऊ नये ही काळजीही तुम्हीच करायची?

मी त्यांचं नाव लिहिलं नाही. तुमचं लिहिलं, आईचं, माझं, आणि खाली 'आणि मित्रपरिवार'. तुम्ही म्हणालात, "वाच बघू." मी कार्ड समोर धरून वाचलं, नेहमीसारखं, सगळ्यांची नावं, दुसरं काकांचं. जे कार्डावर नव्हतंच ते खडाखडा वाचलं. चौदा वर्षांची पोर, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही.

कार्डाचा नंबर लागला. बाईंनी नावं वाचली, मित्रपरिवार म्हणाल्या. तुमचा हात भिंतीकडे गेलेला तसाच राहिला. पलीकडे तेच स्टेशन चालू होतं, आपल्याला ऐकू येत होतं. तुम्ही तरीही दोनदा ठोकलंत. पलीकडून काही नाही. "बाईंना वेळ कमी असतो," तुम्ही म्हणालात, "लांब यादी असली की गुंडाळतात." खरंच गुंडाळायच्या, त्यामुळे माझं बरं फावलं. दुसऱ्या वेळीही तसंच झालं. तिसऱ्या कार्डाला तुम्ही म्हणालात, "या वेळी त्याचं नाव पहिलं लिही. माझ्या आधी. पहिलं नाव तरी कोणी गाळणार नाही." मी मान डोलावली. आणि पुन्हा पहिलं तुमचंच लिहिलं, त्यांचं गाळलंच, आणि वाचताना मात्र त्यांचं पहिलं वाचून दाखवलं.

त्या रविवारी बाईंनी मुक्काम मोहने म्हटलं, तुमचं नाव घेतलं, आईचं, माझं, मित्रपरिवार. पलीकडे खट् असा आवाज आला. काकांनी रेडिओ बंद केला. बासरी फक्त आपल्याकडे वाजत राहिली. आपल्या घरी ते गाणं एकट्याने पहिल्यांदा ऐकलं गेलं, आणि तुम्ही ते पूर्ण ऐकलंत, मान खाली घालून. मला काही विचारलं नाहीत. महिन्याभराने तुम्ही मला पुन्हा कार्ड लिहायला बसवलंत. "त्याचं नाव पहिलं," म्हणालात, आणि माझ्याकडे बघत राहिलात. मी पुन्हा तेच केलं.

वर्षभरात काकांनी डोंबिवलीत ब्लॉक घेतला. टेम्पो आला तेव्हा तुम्ही दुसऱ्या पाळीला होतात, की मुद्दाम गेलात, ठाऊक नाही. काकूंनी आईला मिठी मारली, काकांनी मला नुसतं "अभ्यास कर" म्हटलं. पुढे त्यांचा मुलगा अमेरिकेत गेला आणि काही वर्षांनी त्याने दोघांना तिकडे नेलं. तुमचं छातीचं दुखणं वाढलं. कल्याणच्या दवाखान्यात एका सकाळी तुम्ही म्हणालात, "एखादं कार्ड लिहू या का गं?" मी म्हटलं, आधी बरे व्हा. आता कोण कार्ड लिहितं, बाबा, असंही वर म्हटलं. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आता जे सांगतेय ते तुम्हाला कसं समजावू कळत नाही. शतक संपत आलं होतं, मी ठाण्याला नोकरीला होते. कोपरीत ऑफिसजवळ एक सायबर कॅफे निघाला होता. लाकडी खोपटी, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, आणि तिथे बसून जगात कोणाशीही टाइप करून बोलता यायचं. जेवणाच्या सुट्टीत मी जायचे. खोटं नाव घेऊन अनोळखी माणसांशी राजकारणावर कडाकडा भांडायचे. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असतात, की चहाही नाही आणि गॅलरीही नाही, मग हे भांडण कसलं. परदेशातल्या मराठी लोकांनी तिथे जुन्या गाण्यांचं एक पान केलं होतं. हवं ते गाणं लिहून ठेवायचं, कोणाकडे असलं तर तो तिथे चढवायचा. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी एक दिवस सहज फर्माइशी वाचत होते. एका जागी दिसलं, मुक्काम मोहने, तालुका कल्याण.

अमेरिकेतून लिहिलेलं, आणि मुक्काम मोहने. गाणं तेच. खाली नावं. पहिलं तुमचं. दुसरं काकांचं स्वतःचं. मग आई, काकू, त्यांचा मुलगा, आणि शेवटी मी, ते मला ज्या लाडक्या नावाने हाक मारायचे त्या नावाने. 'मित्रपरिवार' कुठे नव्हतं. एकूण एक नाव होतं. आणि खाली एक ओळ: मोहन्याचं कोणी ऐकत असेल तर भिंतीवर ठोका.

तुम्हाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी टाइप करायला लागले. बाबा गेले, असं लिहिलं. मग लिहायला हवं होतं की बाबांनी तुमचं नाव कधीच गाळलं नव्हतं, ते मी गाळलं. तिथे बोटं थांबली. मी सगळं पुसलं आणि ऑफिसला परत गेले. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तीच फर्माइश पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. एकदा नुसतं हो लिहिलं असतं, एक शब्द, तरी चाललं असतं. चार-पाच आठवड्यांनी त्यांची फर्माइश यायची थांबली. मग ते पानच बंद पडलं. काका तिकडेच वारले, हे मला फार नंतर एका लग्नात कळलं. त्यांच्या लेखी तुम्ही मरेपर्यंत रागावलेले होतात. आता ते दुरुस्त करायला दोघांपैकी कोणीच उरलेलं नाही.

मला लाज वाटली म्हणून मी उत्तर दिलं नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. ती यादी वाचतानासुद्धा मला तो मोरीतला लाल पाण्याचा ओघळ दिसत होता, आणि वाटत होतं, ठोकू दे की, ठोकू दे अजून थोडं.

आणि काल ते गाणं ऐकल्यापासून दुसरंच काही डोक्यात बसलंय. पोस्टकार्ड उघडं असतं, बाबा. तुमचं अक्षर वाईट होतं, वाचता तुम्हाला उत्तम यायचं. पेपर तुम्ही जाहिरातींसकट वाचायचात. घरापासून आंबिवलीच्या पेटीपर्यंत वीस मिनिटांची वाट होती आणि कार्ड तुमच्या खिशात होतं. पहिलं नाव कोणी गाळत नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. तरी चौथ्यांदा मला लिहायला बसवलंत, आणि माझ्याकडे बघत राहिलात. तुम्ही स्वतः लिहू शकला असतात, कोंबडीच्या पायांनी का होईना. तुम्ही वाट बघत होता का, मी लिहायची? हे विचारायला आता कोणाकडे जाऊ?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते इथेच वहीत राहील. सवयीने शेवटी सगळं एकदा वाचून पाहिलं, तुम्ही सांगायचात तसं. एवढं लांब लिहिलं, काका काका म्हणत, आणि त्यांचं नाव मी यातही कुठे लिहिलेलं नाही.