धुतलेल्या बाटलीतला लाल उजेड

३ ऑगस्ट
परत तेच! कल्याणदादाचा फोन — "बाटल्या धुवायला हैदराबाद लागतं का रे? इथं आईसंगं भांडे घास की!" मागून वैनी हसली. मी बी सुनावलं — तुझी मोसंबीची बाग तुलाच लखलाभ! अन् फोन कापला. आईशी बोलायचं राहूनच गेलं.

५ ऑगस्ट
इथं लॅबमधी मी धुतो त्या बाटल्यांत दुधाच्या धोवणासारखं पाणी असतं. जांभळ्या दिव्याखाली धरलं की लालभडक! मला वाटलं रेडियम असंल, ट्रकच्या मागं लावतात ते. तृप्ती मॅडम हसल्या. त्या इथं संशोधन करतात, नागपूरच्या — मराठीत बोलायला तेवढ्याच. म्हणल्या, "दगडाची पूड आहे संपत. सुपर फॉस्फेट खत ज्या दगडाचं होतं ना, त्याच जातीची. आपल्या हाडातही तेच असतं."
खत, हाड अन् ही पूड — एकच जात! दिवसभर आपलंच मनगट दाबून बघून राह्यलो.

८ ऑगस्ट
मॅडमनी बारीक बघायच्या दुर्बिणीतून दाखवलं. पेशी ती पूड गिळतात अन् आतून उजळतात. काळ्यात लाल ठिपके — हळूहळू सरकत होते!
"जित्या हायेत?"
"जिवंतच. मारून बघायला लागू नये, म्हणून तर पूड."
कशाच्या म्हणून विचारलं. कॅन्सरच्या, म्हणल्या. किती देखण्या दिसत होत्या!

९ ऑगस्ट
आज बोलणी खाल्ली. मी धुतलेली बाटली मॅडमनी दिव्याखाली धरली — तळाला लाल कडा! उजेडात बिलकुल साफ होती.

१२ ऑगस्ट
वैनीचा फोन, आईला चोरून. आईच्या छातीत गाठ हाय. दिवाळीपासून! आई म्हणते, दुखत न्हाई तर दाखवायचं कशाला.
मॅडमला म्हणलं, शिशीभर पूड द्या, घरी नेतो, आईचं बघायचंय. त्या हसल्या न्हाईत. "ही अजून माणसाला देत नाहीत रे. वर्षं लागतील. तिला दवाखान्यात न्या, जल्दी. दुखत नाही म्हणून थांबू नका."

१३ ऑगस्ट
आईला व्हिडिओ कॉल लावला. आधी बाटली दाखवली. "चकाचक हाय," म्हणली. तिच्या मांडणीवरच्या तांब्यात तोंड दिसतं, तिला कळतं. मंग जांभळ्या दिव्याखाली धरली — तळाला लाल कडा.
"नीट धुतली न्हाई तू."
"तीनदा धुतली, आई."
तिचा हात पदराखाली गाठीवर गेला. मंग — "कल्याणला म्हण, गाडी बघ."

१८ ऑगस्ट
दादाचा फोन. संभाजीनगरच्या डॉक्टरनं सुई टोचून तपासलं — तेच निघालं. पण लहान हाय, वेळेवर आणलं, म्हणले. दादा रडत होता. "बाटल्या धुणाऱ्या, आता काय करू? तू सांग."
मोटरसायकलसाठी साठवलेले सगळे पाठवून राह्यलो — एकतीस हजार.