संस्थापक-संचालक, ग्रामीण प्राणिसंग्रहालय

२ जानेवारी
आजपासून आयुष्याला दिशा. ऑफिसातून रिटायर झालो, सासऱ्यांचं माळरान पडीकच आहे. तिथे प्राणिसंग्रहालय! शहरातली बंद पडलेली प्राण्यांची बाग तीन हरणं आणि एक शहामृग द्यायला तयार आहे. सासरे म्हणाले, मार्चअखेर लायसन्स मिळालं तर ठीक, नाही तर जनावरं परत आणि जमिनीवर नांगर. मिळेलच. जनावरांचं आणि माझं लहानपणापासून जमतं.

९ जानेवारी
टेबलावर ठेवायला ‘संस्थापक-संचालक’ अशी पाटी करून आणली. टेबल यायचंय.

२१ जानेवारी
वेल्डर म्हणाला, साहेब, चार फूट कुंपण कमी पडेल, हरणं उड्या मारतात. त्याला शांतपणे समजावलं, सुखात असलेला प्राणी पळत नाही. या लोकांचा अभ्यास कमी.

४ फेब्रुवारी
प्राणी आले. ऐतिहासिक दिवस.

४ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन
हरणं गेली.

५ फेब्रुवारी
शेजाऱ्याच्या मक्यात सापडली. बायकोने परातीत पेंड घेऊन हाक मारली, तर मुकाट मागोमाग आली. योगायोग. कुंपण आठ फूट करायचं ठरवलं. कल्पना माझीच, असं वेल्डरला सांगितलं. तो हसला नाही, म्हणजे पटलं असावं.

१८ फेब्रुवारी
संकल्प: शहामृगाशी मैत्री. रोज सकाळी सहा, डोळ्यांत डोळे घालून.

१९ फेब्रुवारी
चष्मा शहामृगाच्या पोटात गेला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

२० फेब्रुवारी
टोपी गेली. पळताना पाठ धरली. संकल्प प्रकृतीच्या कारणास्तव स्थगित.

३ मार्च
बायको शहामृगाला ‘बाळ्या’ म्हणते. हे शास्त्रीय नाही. तो येतो मात्र.

२० मार्च
इन्स्पेक्शन. बायकोला चहा करायला पाठवलं, म्हणजे तपासनीसबाईंना सगळं मलाच दाखवता येईल. मी फक्त दार उघडलं. शहामृग धावून आला. बाई गवताच्या गंजीवर, मी त्यांच्याही वर. बायकोने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, बाळ्या, आत जा. गेला! मग बाईंनी तिला तासभर प्रश्न विचारले. मला एकही नाही.
सगळं हातचं गेलं असं वाटतंय. हे संग्रहालय मला फार हवं आहे.

३० मार्च
लायसन्स आलं! व्यवस्थापक म्हणून बायकोचं नाव. कारकुनी चूक असावी. खाली अट: संस्थापकांनी कुंपणाच्या आत जाऊ नये, प्राणी बिथरतात. म्हणजे चूक नसावी. बायको म्हणाली, पटत नसेल तर सही करू नका, मी बाबांना सांगते. तासभर फेऱ्या मारल्या. सही केली.

६ एप्रिल
उद्घाटन. गर्दी चांगली. बायको आत हरणांना चारत होती, पोरं टाळ्या पिटत होती. बाहेर उभ्या उभ्या मला भरून आलं, खोटं कशाला लिहू. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं, पहिल्यांदाच आलात का?
हो म्हणालो.